पुढचे अक्षर

अमेरिकेच्या उत्तर भागात मिनेसोटा नावाचे राज्य आहे. त्या राज्यातील मिनिआपोलिस हे शहर मिसिसिपी नदीच्या काठी वसले आहे. हिवाळ्यात तेथे अशी थंडी पडते, की सरोवरे गोठून जातात आणि त्यांच्या पाठीवरून माणसे चालत जातात. अशा या हिमाच्छादित नगरात १९९० नंतरच्या काळात आफ्रिकेच्या पूर्व टोकावरील उष्ण आणि कोरड्या सोमाली भूमीतून हजारो माणसे येऊन राहिली. घरच्या युद्धाने ती देशोधडीला लागली होती. त्यांच्याजवळ सामानसुमान फारसे नव्हते. एक ठेव मात्र प्रत्येकाने जपून आणली होती. ती म्हणजे आपली सोमाली भाषा.

त्या नगरातील एका रुग्णालयात एक परिचारिका काम करीत असे. एके दिवशी एक सोमाली स्त्री तपासणीसाठी आली. तिला इंग्रजी येत नव्हते आणि दुभाषाही वेळेवर मिळाला नाही. तिच्याबरोबर तिचा बारा वर्षांचा मुलगा होता. तो शाळेत जात असल्यामुळे त्याला दोन्ही भाषा येत होत्या. डॉक्टर त्यालाच म्हणाले, "तुझ्या आईला सांग, आजार गंभीर आहे, शस्त्रक्रिया लवकर करावी लागेल."

मुलाने ते ऐकले. क्षणभर तो खाली मान घालून उभा राहिला. मग आईकडे वळून तो चार शब्द बोलला. आई हसली, तिने डॉक्टरांना हात जोडल्यासारखे केले आणि ती जायला उठली.

परिचारिकेला शंका आली. अशी वार्ता ऐकून कोणी हसत नाही! तिने त्या मायलेकरांना थांबवून घेतले व दुभाषा येईपर्यंत बसवून ठेवले. दुभाषा आल्यावर उलगडा झाला. मुलाने आईला सांगितले होते, "डॉक्टर म्हणतात, विश्रांती घे, म्हणजे बरी होशील." त्याच्यावर कोणी रागावले नाही. त्याने खोडीने असत्य सांगितले नव्हते. खरे सांगण्याचे धैर्य त्याच्या कोवळ्या मनाला झाले नव्हते, इतकेच. पुढे त्या स्त्रीवर वेळेवर उपचार झाले. परंतु त्या मुलाची खाली झुकलेली मान परिचारिकेच्या डोळ्यांपुढून हलेना. हे ओझे त्या बालकावर पडावयास नको होते, असे तिला राहून राहून वाटू लागले. शेवटी तिने निश्चय केला, की आपण सोमाली भाषा शिकायची.

त्या वेळी तिची चाळिशी उलटली होती. दिवसभर रुग्णसेवा करावी, घरी येऊन स्वयंपाक करावा आणि रात्री आठ वाजता संगणकापुढे बसावे, असा तिचा क्रम सुरू झाला. शेकडो मैल दूर असलेल्या एका विद्यापीठाने संगणकाच्या साहाय्याने घरबसल्या सोमाली शिकण्याची सोय केली होती. पहिल्या वर्षी वाचन आणि दुसऱ्या वर्षी भाषांतर, असा तो अभ्यासक्रम होता. गुरुजी स्वतः सोमाली होते. पडद्यावर त्यांची मूर्ती दिसे, त्यांचा आवाज ऐकू येई. आणि निरनिराळ्या गावांतील सात-आठ विद्यार्थी आपापल्या घरी बसून धडा वाचीत.

सोमाली भाषा इंग्रजीप्रमाणेच रोमन अक्षरांत लिहितात. ते पाहून परिचारिकेला हायसे वाटले. अक्षरे तर ओळखीची आहेत, मग अवघड ते काय, असे तिच्या मनात आले. पण पहिल्याच आठवड्यात तिचा हा भ्रम दूर झाला. धड्यात एका मुलीचे नाव होते. त्याचे पहिले अक्षर 'सी' पाहून तिने ते मोठ्याने वाचले, "काशा."

गुरुजी हसून म्हणाले, "काशा नव्हे, आशा! आमच्या भाषेत 'सी' हे अक्षर घशाच्या तळातून निघणाऱ्या आवाजासाठी योजले आहे. अली हे नावही आम्ही 'सी'नेच लिहितो. आणि हसन लिहायचे, तर आरंभी 'एक्स' काढतो."

ओळखीच्या अक्षरांची ही अनोळखी रूपे पाहून ती थक्क झाली. 'डी' आणि 'एच' ही अक्षरे जोडून लिहिली, की त्यांचा उच्चार जवळजवळ आपल्या 'ड'सारखा होतो. मराठी मुलाला तो सहज साधेल. पण इंग्रजी बोलणाऱ्या जिभेला तेथे ठेच लागते. मराठी मुलाला या भाषेत काही शब्दही ओळखीचे भेटतील. सोमाली माणूस दुकानाला 'दुकान'च म्हणतो आणि लेखणीला 'कलिन' म्हणतो. आपला 'कलम' आणि त्याचा 'कलिन' हे दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दापासून आलेले आहेत.

मात्र या 'कलिन'मध्ये 'क' जरा लांबवला, की लेखणीचा उंट होतो! 'कालिन' म्हणजे तरुण उंट. सोमाली लोकांत उंट पाळणारे भटके पशुपालक फार; त्यामुळे त्यांच्या भाषेत उंटांच्या शब्दांचा मोठा कळपच आहे. उंटांच्या समूहाला एक शब्द, ओझे वाहणाऱ्या उंटाला दुसरा, पिलाला तिसरा. दुधाळ उंटिणीला 'हल' म्हणतात. आणि 'एक' या संख्येलाही 'हल'च म्हणतात. एका गोष्टीतील वाक्याचे भाषांतर परिचारिकेने असे केले: "त्या मनुष्याने एक विकत घेतले."

"एक काय?" गुरुजींनी विचारले.

ती निरुत्तर झाली. कोशातला पहिला अर्थ तिने उचलला होता. पुढे-मागे पाहिलेच नव्हते. "शब्द कोशात झोपलेला असतो," गुरुजी म्हणाले, "वाक्यात आला की तो जागा होतो. त्याला तेथे भेटत जा."

दुसऱ्या वर्षी कवितेचा पाठ आला, तेव्हा तर तिची कसोटीच लागली. सोमाली काव्याचा एक कडक नियम आहे. कवीने आरंभी जो ध्वनी धरला, त्या ध्वनीने सुरू होणारा शब्द प्रत्येक ओळीत यावाच लागतो. कविता शंभर ओळींची असली, तरी हा नेम मोडत नाही. शतकानुशतके या कविता कागदावर नव्हत्या. लोकांच्या कंठात होत्या. ऐकणारे त्या तोंडपाठ करीत आणि म्हणताना मूळ कवीचे नाव सांगत. तो अनुप्रास म्हणजे त्या पाठांतराचा आधार होता. परिचारिकेने कवितेचा अर्थ इंग्रजीत आणला. पण तो समान ध्वनीचा ठेका काही केल्या येईना. तिने रात्रीमागून रात्री खर्च केल्या. अखेर तिने अर्थ जसाच्या तसा लिहिला आणि खाली नम्रपणे टीप जोडली, की मूळ कवितेतील नाद येथे आणता आला नाही. गुरुजींनी त्या टीपेलाही गुण दिले.

याच सुमारास तिचा एका आजीशी परिचय झाला. घरोघर जाऊन वृद्ध रुग्णांचे औषधपाणी पाहण्याचे काम तिच्याकडे आले होते. ही आजी मधुमेहाने आजारी होती. सोमालीत आजीला 'अयेयो' म्हणतात. परिचारिका दारात जाऊन "नबद, अयेयो" असे म्हणे. 'नबद' म्हणजे शांती. गोऱ्या मुलीच्या तोंडून आपल्या भाषेतील अभिवादन ऐकून आजीचा चेहरा खुले.

एके सकाळी आजी भ्रमणध्वनी हातात धरून दारातच उभी होती. तिचे माहेर उत्तरेकडील बुरओ गावाच्या परिसरात. तिची धाकटी मुलगी अद्याप तिकडेच राहत असे. तिच्याकडून मजकूर आला होता. पण आजीला वाचता येत नव्हते. आजीचा मुलगा मालमोटार घेऊन दूरच्या गावी गेला होता. परिचारिकेने भ्रमणध्वनी हाती घेतला आणि मोठ्या आत्मविश्वासाने वाचले, "इनन बा डलतय."

'इनन' या शब्दाचा कोशातील पहिला अर्थ 'मुलगा' असा तिला पाठ होता. ती आनंदाने म्हणाली, "अयेयो, तुला नातू झाला!"

आजीचे डोळे भरून आले. नातू झाल्यास त्याला आपल्या दिवंगत पतीचे नाव ठेवावयाचे, असे तिने मनाशी योजले होते. पण पुढच्याच क्षणी तिच्या कपाळावर आठी उमटली. "पुन्हा वाच," ती म्हणाली. परिचारिकेने पुन्हा वाचले. आजी खुदकन हसली. "अगं, आरंभी तो मुलगा होता, शेवटी त्याची मुलगी झाली! दोघांपैकी जन्मले तरी कोण?"

परिचारिकेने अक्षरांकडे निरखून पाहिले, तेव्हा तिला आपली चूक उमगली. 'इनन' या शब्दात पहिल्या स्वरावर आवाज चढवला, तर 'मुलगा' होतो. दुसऱ्यावर चढवला, तर 'मुलगी' होते. लिहिताना मात्र दोन्ही शब्द सारखेच. तो चढउतार कागदावर उतरत नाही. परंतु वाक्याने तिला सोडले नव्हते. मुलगा जन्मला असता, तर क्रियापद 'डशय' असे आले असते. येथे 'डलतय' होते. मुलगीच झाली होती! व्याकरण ठाऊक असूनही परिचारिका चुकली. अक्षरओळख नसूनही आजीच्या कानाला ती चूक ऐकू आली.

"चुकले माझे, अयेयो," ती ओशाळून म्हणाली.

"चुकेना का! नात काय नि नातू काय, आजीला दोन्ही सारखीच. पण वाचणाऱ्याने ऐकलेही पाहिजे, मुली."

मग चहा घेता घेता आजी आपल्या लहानपणाची गोष्ट सांगू लागली. सोमाली भाषेला सर्वमान्य लिपी नव्हती. कचेऱ्यांचा कारभार इंग्रजी, इटालियन आणि अरबी भाषांत चाले. लिपी कोणती असावी, यावर वर्षानुवर्षे वाद झाले. शेवटी २१ ऑक्टोबर १९७२ रोजी सरकारने रोमन अक्षरांची लिपी जाहीर केली. पुढे १९७४ च्या ऑगस्टमध्ये माध्यमिक शाळा वर्षभरासाठी बंद ठेवून सुमारे २५,००० विद्यार्थी व शिक्षक रानोमाळ भटकणाऱ्या पशुपालकांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी पाठवण्यात आले. ज्याला येते त्याने शिकवावे, ज्याला येत नाही त्याने शिकावे, अशी त्या मोहिमेची हाक होती.

"आमच्या तळावर सोळा वर्षांचा एक शहरी मुलगा आला," आजी म्हणाली. "मी तेव्हा बारा वर्षांची होते. त्याला उंटिणीचे दूध काढता येत नव्हते. ते मी त्याला शिकवले. मला अक्षर येत नव्हते. ते त्याने मला शिकवले. बाभळीच्या झाडाला फळा टांगून तो म्हणे आणि आम्ही त्याच्यामागून म्हणत असू: बा, ता, जा, हा, खा, दा, रा, सा, शा, डा..."

आजी येथे थांबली.

"पुढे?" परिचारिकेने विचारले.

"पुढे पाऊस पडला नाही." त्या १९७४-७५ च्या अवर्षणात रानातील पाणी आटले, उंट आणि शेळ्यामेंढ्या मेल्या. ती माणसे अन्नासाठी सरकारी छावण्यांत गेली. शिकवण्यासाठी आलेले विद्यार्थी दुष्काळनिवारणाच्या कामाला लागले. आजीचा फळा बाभळीखालीच राहिला. नंतर तिचे लग्न झाले, मुले झाली. १९८८ मध्ये उत्तरेत युद्धाचा वणवा पेटला, तेव्हा लाखो लोकांबरोबर तीही सीमा ओलांडून इथिओपियात गेली. अनेक वर्षांनी मुलाचा हात धरून ती या बर्फाच्या गावी आली. या साऱ्या धावपळीत 'डा'च्या पुढचे अक्षर कोणते, हे तिला कोणी सांगितलेच नाही.

परिचारिका क्षणभर स्तब्ध राहिली. सोमाली वर्णमाला तिला मुखोद्गत होती. तिने पिशवीतून वही आणि पेन्सिल काढली. "अयेयो, नातीचे नाव काय ठेवायचे?"

"आशा. माझ्या आईचे नाव आशा होते."

परिचारिकेने वहीत एक अक्षर काढले. चंद्रकोरीसारखे वाकलेले, एका बाजूने उघडे. "ते 'डा'च्या पुढचे अक्षर हेच. आणि तुझ्या नातीच्या नावाचा आरंभही याच अक्षराने होतो." असे म्हणून तिने त्या अक्षराचा उच्चार केला. दोन वर्षांच्या अभ्यासानंतरही तो नीट घशातून आला नाही. आजीने मान हलवली, स्वतः उच्चार करून दाखवला आणि तिच्याकडून तीन वेळा म्हणवून घेतला. मग थरथरत्या हाताने आजीने पेन्सिल धरली.

बाहेर बर्फ पडत होते. दुसऱ्या रुग्णाच्या घरी जावयाची वेळ होऊन गेली होती. पण ती ओळ पूर्ण होईपर्यंत परिचारिका उठली नाही. सायंकाळी आजीचा मुलगा घरी आला, तेव्हा स्वयंपाकघरातील मेजावर त्याला एक कागद दिसला. त्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत आपल्या आईच्या हाताने लिहिलेले एक नाव होते. त्याने ते मोठ्याने वाचले आणि आजी आतून म्हणाली, "बरोबर वाचलेस!"