दहा वेळा हरलेला पैलवान

शाळेच्या कुस्तीच्या टीममध्ये हे माझं पहिलं वर्ष. नऊ मॅच झाल्या, त्यातल्या सात मी हरलो. सातवीनंतर गाडीत मी एक शब्दही बोललो नाही. तेव्हा बाबांनी मला रायडेन तामेएमोनची गोष्ट सांगितली.

रायडेन हा जपानचा सुमो पैलवान. जन्म १७६७ चा, शेतकऱ्याच्या घरात. उंची १९७ सेंटिमीटर, वजन जवळजवळ १७० किलो! १७९० ते १८११ या एकवीस वर्षांत तो मोठ्या स्पर्धांत २५४ कुस्त्या जिंकला आणि फक्त १० हरला. बाबांना वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल. मला उलट जास्तच वाईट वाटलं. त्याच्या एकवीस वर्षांत दहा, माझ्या दोन महिन्यांत सात!

मग मी लायब्ररीत जाऊन त्याच्याबद्दल वाचलं. एवढं जिंकूनही त्याला ‘योकोझुना’ हा किताब कधीच मिळाला नाही. पण टोकियोच्या एका देवळात योकोझुनांची नावं कोरलेला १९०० सालचा मोठा दगड आहे. त्यावर रायडेनचंही नाव आहे, ‘अजोड पैलवान’ म्हणून.

आणखी एक गंमत. तो गावोगावी कुस्त्यांना जायचा आणि प्रवासाची वही लिहायचा. १८०४ साली किसाकाता इथे मोठा भूकंप झाला. त्यानंतर तो तिथून गेला आणि पडलेल्या घरांबद्दल त्याने लिहून ठेवलं. एवढा धिप्पाड माणूस खाली बसून वही लिहितोय, हे चित्र मला फार आवडलं.

मीही वही केली आहे. आई म्हणाली, मराठीतच लिही. सातही पराभव लिहून झाले. दहावी मॅच येत्या शनिवारी आहे, म्हणून वर्गाला उशीर होईल. काकूंना विचारलं आहे.