मातीचा डबा

गेल्या पावसाळ्यात दीड महिना आमच्या गाडीच्या डिकीत आइस्क्रीमचा एक रिकामा डबा होता. डब्यात अंगणातली माती आणि शेजारी पाण्याचं पाच लिटरचं कॅन. एकदा पळस्पे फाट्यावर पोलिसाने गाडी थांबवून डिकी उघडायला लावली. "माती कशाला?" म्हणून त्याने विचारलं. अब्बा मागच्या सीटवरून म्हणाले, "हात धुवायला." त्यांच्या पायाशी तोंडाला जाळी बांधलेली कुत्री बसलेली होती. पोलिसाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा कुत्रीकडे, आणि जा म्हणाला.

त्या कुत्रीचं नाव लाली. ती आमची आहे असं कुणी म्हटलेलं अब्बांना चालत नाही. ती अंगणात असते, एवढंच ते मान्य करतात. अम्मी गेली त्या वर्षी कुठूनशी आली आणि पायरीखाली बसायला लागली. अब्बा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, पहाटे उठायची सवय अंगात मुरलेली. ते फज्रला निघाले की लाली त्यांच्या मागे मशिदीच्या वळणापर्यंत जाते आणि तिथेच थांबते. वळण ओलांडायचं नाही हे तिला कुणी शिकवलं, ठाऊक नाही. सकाळी भाकरी, रात्री भात आणि बोंबलाचं डोकं. तिचं भांडं वेगळं, ठेवायची जागा ठरलेली. पण या सहा वर्षांत अब्बांनी तिच्या अंगाला एकदाही हात लावला नव्हता.

यामागचं कारण आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई फिकहनुसार कुत्र्याचं ओलं अंग किंवा लाळ लागली, तर ती जागा सात वेळा धुवायची आणि त्यातली एक धुणी मातीच्या पाण्याची. दोघंही कोरडे असतील तर काही नाही. देशावरचे हनफी लोक लाळ नापाक मानतात, अंग नाही. मालिकी तर कुत्र्याला पाकच धरतात. मी हे सगळं अब्बांना एकदा ऐकवलं होतं. ते म्हणाले, "मग तू मालिकी हो. मला शाफई राहू दे." तिथे तो विषय संपला.

मे महिन्यात लालीने मागच्या गडग्यावरून उडी मारली आणि पुढचा डावा पाय टेकेना झाला. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात वेदनेची औषधं मिळाली, आठवडाभर बरं वाटलं, औषध संपल्यावर लंगडणं परत सुरू. सकाळी उठताना जास्त, चालून चालून थोडं कमी. अब्बा फज्रला निघाले की ती तीन पायांवर मागे जायची. ते थांबून म्हणायचे, "नको येऊ गं बाई." ती ऐकायची नाही. मग अब्बाच सावकाश चालायला लागले. एकदा तर त्यांची जमात चुकली. तेव्हा मी ठरवलं की हिला पनवेलला न्यायचं. माझी नोकरी तिथेच आहे, पेणजवळच्या आमच्या गावाहून रोजचा रस्ता.

पहिल्या ठिकाणी काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण अजून राग येतो. एका माणसाने अल्ट्रासाउंडचं मशीन आणलं, लालीच्या खांद्यावर केसांवरूनच जेली थापली, दांड्याचं डोकं पाच मिनिटं फिरवलं आणि पाचशे रुपये घेतले. असं चार वेळा. लाली मजेत उभी राहायची. आम्हाला वाटलं, किती सोसते बिचारी. सोसायला काही नव्हतंच.

हे आम्हाला कळलं ते दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे. त्यांनी एक्स-रे काढून हाड शाबूत असल्याची खात्री केली. मग खांद्याच्या पुढच्या बाजूला, हाताच्या स्नायूला हाडाशी बांधणारी जी शीर असते, तिथे बोटाने दाबलं. लाली किंचाळली. सोनोग्राफीत तीच शीर सुजलेली दिसली. आधी कुठे काय केलं हे विचारताना त्यांचा पहिला प्रश्न होता, "केस काढले होते का?"

नव्हते काढले. बाईंनी मशीन लावलं, धातूचं डोकं वर करून त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले आणि बटण दाबलं. थेंब थरथरले, उकळल्यासारखे उडाले. म्हणाल्या, "आवाज आहे, पण तो हवेतून पुढे जात नाही. म्हणून तर जेली. आणि केसांत काय असतं? हवाच." केस ठेवून आणि केस काढून कुत्र्यांवर मोजमापं झालेली आहेत. केस असले की आतला स्नायू धड तापत नाही, सगळी ऊब वरच्या केसांतच अडकते. आमचे दोन हजार रुपये लालीच्या केसांत गेले होते.

सोनोग्राफी आणि हे मशीन ही एकाच घरातली भावंडं आहेत. सोनोग्राफीत आवाज आत पाठवून त्याचा परतलेला पडसाद बघतात. इथे पडसादाशी काही देणंघेणं नाही, आवाज आतच जिरवायचा आणि त्याची ऊब करायची. १८८० साली फ्रान्समध्ये क्युरी भावांना, जाक आणि पिएर यांना, दिसलं की काही स्फटिक दाबले की वीज निर्माण करतात. पुढे हेही कळलं की वीज दिली तर तेच स्फटिक थरथरतात. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाणबुड्या शोधायला हीच युक्ती वापरली, तेव्हा झोताच्या वाटेतले लहान मासे मेलेले आढळले. म्हणजे हा आवाज जिवंत शरीरात काहीतरी करतो हे माणसाला प्रथम मेलेल्या माशांवरून समजलं. अब्बांना हे सांगितलं तर ते घाबरून म्हणाले, "मग हिला कशाला लावता?" मात्रेचा फरक, असं बाईंनी समजावलं. लालीला एका चौरस सेंटीमीटरला एक वॉट.

माझी शंका वेगळी होती. कुत्र्याला माणसापेक्षा कितीतरी बारीक आवाज ऐकू येतो, मग हा आवाज तिच्या कानात घुसत असेल का? नाही. माणूस सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो, कुत्रा साधारण पंचेचाळीस हजारांपर्यंत. लालीला लावायचा होता तो तेहतीस लाखांचा. तो दोन-तीन सेंटीमीटर खोल जातो आणि तिची शीर तेवढ्यावरच होती. मांडीसारखा जाड भाग असता तर दहा लाखांचा लावतात, तो जास्त खोल पोचतो.

आता अडचण आली. केस भादरले. खांद्यावर तळहाताएवढा उघडा चट्टा, गुलाबी आणि केविलवाणा. त्यावर भरपूर जेली. आणि लाली माझ्यावर गुरगुरायला लागली. दवाखान्यातल्या मुलाला तिने हात लावू दिला नाही. मशीनचं डोकं एका जागी थांबवून चालत नाही, ते सतत फिरवत राहावं लागतं, नाहीतर हाडालगतचा भाग भाजतो. माणूस ओरडून सांगेल, जनावर फक्त झटका देईल. म्हणून धरणारा असा हवा की त्याच्या हातात ती सैल राहील आणि दुखलं तर त्याला लगेच कळेल. बाईंनी विचारलं, "ही कुणाचं ऐकते?"

मी अब्बांकडे पाहिलं. ते दाराशी उभे होते.

"ही जेली सुकते का?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. सुकली तर मशीन चालणारच नाही. शेवटपर्यंत ओलीच हवी."

अब्बा जरा वेळ गप्प राहिले. मी मालिकी मताची आठवण करून देणार होतो, सुदैवाने तोंड उघडलं नाही. त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, खाली बसले आणि लालीचं डोकं छातीशी धरलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. लालीने एकदा त्यांच्याकडे वर पाहिलं आणि सगळं अंग सोडून दिलं. आठ मिनिटं मशीन चाललं. अब्बा तिच्या कानाकडे बघत होते. एकदा कान मागे गेला तसे म्हणाले, "तापलं तिला," आणि बाईंनी लगेच वॉट कमी केले. त्यांच्या स्वतःच्या खांद्याला दहा वर्षांपूर्वी हाच शेक दिला होता. गिअर टाकून टाकून धरलेला खांदा होता तो.

त्या दिवशी त्यांनी बाहेरच्या कुंडीतली माती घेऊन बेसिनमध्ये हात धुतले, मोजून सात वेळा, कोपरापर्यंत. अंगातला सदराही घरी येऊन तसाच धुतला. बेसिन तुंबलं म्हणून तिथला मुलगा कुरकुरला. त्याचंही बरोबर होतं. पुढच्या खेपेपासून डबा, कॅन आणि एक जुना सदरा गाडीत आले आणि धुणं रस्त्याच्या कडेला, पावसात छत्री धरून. छत्री मी धरायचो.

मशिदीत एकाने विचारलं, दर मंगळवारी, शुक्रवारी पनवेलला कशाला जाता? अब्बा म्हणाले, शेक द्यायला. कुणाला? "घरातल्याला," म्हणाले. हे मला त्या माणसानेच येऊन सांगितलं, काळजीने, घरात कोण आजारी आहे म्हणून.

चौथ्या-पाचव्या वेळी मी बाईंना सरळच विचारलं, याने खरंच गुण येतो का? त्या मोकळेपणाने बोलल्या, म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास बसला. म्हणाल्या, माणसांवर हे मशीन कित्येक वर्षं वापरात आहे आणि पुरावा मात्र तोकडा. नंतर मी शोधून वाचलं. २००१ साली दोन संशोधकांनी जुने ३५ प्रयोग तपासले, नीट केलेले त्यातले १० निघाले आणि त्या १० पैकी ८ मध्ये खरं मशीन आणि नुसतं फिरवलेलं बंद मशीन यांत फरक दिसला नव्हता. कुत्र्यांवर तर असे प्रयोग अगदी मोजके.

"पण कुत्र्याला कुठे माहीत, मशीन चालू आहे की बंद?" मी म्हटलं.

"तिला नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि लंगडणं कमी झालं की नाही हे तुम्हीच तर सांगता." म्हणून त्या दर आठवड्याला तिच्या चालण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढायच्या आणि मागच्याशेजारी ठेवून बघायच्या. आम्हाला पुष्कळ फरक वाटला त्या आठवड्यात त्यांना काहीच दिसला नाही.

मग करायचं तरी कशाला? त्यांचं म्हणणं असं की ऊब आत पोचते एवढं नक्की, ते सुई घालून मोजलेलं आहे. शिरेत ती चांगली जिरते, आणि गरम शीर थंड शिरेपेक्षा सहज ताणते. पण ती ऊब मशीन काढल्यावर पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढ्यात पाय हळूहळू मागे नेऊन ताण दिला तर काही उपयोग. मशीन लावून कुत्र्याला गाडीत घालून नेलं तर शेकाचे पैसे वाया. "पैशांची ओढ असेल तर आधी मशीन सोडा, व्यायाम सोडू नका," असं त्या म्हणाल्या. स्वतःच्या उत्पन्नावर पाणी सोडणारं बोलणं मी तरी फार ऐकलेलं नाही.

तसंच झालं. नऊ वेळा मशीन लावलं आणि थांबवलं. लाली आता चार पायांवर चालते. थंडीत पहाटे थोडी लंगडते, वळणापर्यंत पोचता पोचता सरळ होते. हे मशीनने झालं, ताणाने झालं, की दीड महिना उड्या बंद केल्या म्हणून झालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. बाईंनीही दिलं नाही.

पाय ताणायचं काम मात्र अब्बांकडेच राहिलं. मशीन नाही म्हणजे जेली नाही, आणि हात कोरडे, कुत्री कोरडी असली तर धुणंही नाही, असा त्यांचा हिशोब. पण पावसाळ्यात आमच्याकडे कुत्रं कोरडं कधी असतं? असरनंतर अब्बा पायरीवर बसून लालीच्या सुकण्याची वाट बघायचे. ती सुकली की पुन्हा एक सर यायची आणि ती नेमकी त्या सरीत अंगणभर फिरून परत यायची.

शेवटी त्यांनी गोणपाट आणलं आणि तिला खसाखसा पुसायला लागले. मी म्हटलं, "अब्बा, हात ओले झाले." ते म्हणाले, "माहीत आहे. डबा आण."