करार मोबाईलमध्ये घालायच्या आधी



कात्रजला आता शेतं कमी, इमारती जास्त. तरी आमच्या गटात घाटाच्या अलीकडचे-पलीकडचे बरेच जण आहेत, आणि करार शेती करणारेही आहेत. येत्या हंगामापासून सगळे करार सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचं ठरलंय. त्यासाठी पाच जणांची टीम केली. तयारी कशी चाललीय ते लिहितो.

हे का करतोय? मागच्या वर्षी गटातला एक जण अचानक गेला. शेतात स्वीट कॉर्न उभं. दर किती ठरला, बियाण्याची उचल किती, वहिनींना काहीच ठाऊक नाही. कराराचा कागद तीन दिवसांनी कपाटात सापडला. स्वीट कॉर्न थांबतंय होय? निम्मी कणसं जून झाली. माल नाकारला तो नाकारलाच.

पहिलं काम कॉम्प्युटरचं नाहीच. घरोघरी जाऊन कागद गोळा केले. कुणाचं क्षेत्र एकरात, कुणाचं गुंठ्यात. कुठं दर किलोवर, कुठं क्विंटलवर. हे एका मापात आणल्याशिवाय मशीन तरी काय करणार?

मग रकाने ठरवले. पीक-वाण, क्षेत्र, दर आणि प्रतवारी, उचल, तोडणीची तारीख, वजन कुठल्या काट्यावर, पैसे किती दिवसांत, गारपीट झाली तर काय. आणि एक रकाना आमचा स्वतःचा: घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर. तोडणीच्या आठ दिवस आधी मेसेज दोघांना जाणार.

माहिती भरणारा वेगळा, कागदाशी ताडून बघणारा वेगळा. जुन्या मंडळींनी विचारलं, "माझा दर भावकीला दिसंल का?" प्रश्न रास्त आहे. ज्याचा करार त्यालाच दिसेल, असं आधी करून दाखवलं, मगच कागद मिळाले.

शिकवायचं कसं, हे ई-पीक पाहणीनं दाखवलंय. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. सभेत नुसतं ऐकलं ते घरी जाऊन विसरले. बांधावर उभं राहून स्वतःच्या हातानं फोटो काढला, त्यांना पुढच्या हंगामात कुणी लागलं नाही. म्हणून प्रत्येकानं आपला करार स्वतः उघडून बघायचा, असा नियम केलाय.

पहिला हंगाम फक्त एकाच पिकाचा. वही बंद करायची नाही, दोन्ही सोबत चालवायचं. सहीचा मूळ कागदही जपायचा.

करार शेतीचा केंद्राचा कायदा २०२० ला आला, २०२१ ला मागे गेला. कायदे येतील-जातील, आपण कशावर सही केली ते मात्र घरातल्या दोघांना तरी माहीत पाहिजे.

तुमच्या गटात अजून कुठला रकाना लागतो? कृषी खात्यातल्या मंडळींनीही सांगा. भरायला सुरुवात व्हायच्या आत घालून घेऊ.