पूसँपासून दाव्हिदपर्यंत

फ्रेंच चित्रकलेचा सतराव्या आणि अठराव्या शतकांतील इतिहास शिकविताना बरोक, रोकोको आणि नवअभिजातवाद असे तीन कप्पे पाडण्याचा प्रघात आहे. अध्यापनास तो सोयीचा असला, तरी त्यामुळे जाक-लुई दाव्हिद हा अकस्मात अवतरलेला क्रांतिपुरुष भासू लागतो. वस्तुतः ज्या संयमाचा त्याने पुरस्कार केला, तो फ्रान्सच्या बरोक युगातच दृढमूल झालेला होता असे माझे अनेक वर्षांच्या अभ्यासान्ती बनलेले मत आहे.

लूव्र राजवाड्याची पूर्वेकडील दर्शनी बाजू बांधण्यासाठी चौदाव्या लुईने 1665 मध्ये रोमहून साक्षात शिल्पकार-वास्तुकार बर्निनीस मोठ्या इतमामाने पाचारण केले, त्याच्या उपस्थितीत त्याच्या आराखड्याप्रमाणे पायाभरणीही केली, आणि तरीही अखेर तेथे उभी राहिली ती सरळ रेषेत धीरगंभीरपणे चालणारी जोडस्तंभांची रांगच. बर्निनीच्या पहिल्या आराखड्यातील वक्र, बाहेर झेपावणारी भिंत फ्रेंच दरबारास मानवली नाही.

संयमाची ही अभिरुची ज्याच्या चित्रांत परिपूर्णतेस पोहोचली तो निकोला पूसँ मात्र रोमवासी होता. राजाज्ञेवरून 1640 मध्ये तो पॅरिसला आला, आणि दरबारी कामाच्या जाचास व मत्सरास कंटाळून दोन वर्षांत परतला. त्याच्या ‘सॉलोमनचा न्याय’ या 1649 मधील चित्रात राजा मधोमध सिंहासनावर बसून दोन्ही हातांनी दोन दिशांस निर्देश करतो, एकाच अर्भकावर हक्क सांगणाऱ्या दोन माता त्याच्या दोन बाजूंस आहेत, आणि एवढा विलक्षण शोकावेग असूनही एकही आकृती आपली मर्यादा ओलांडीत नाही. 1648 मध्ये स्थापन झालेल्या राजेशाही चित्रशिल्प अकादमीत चित्रकार लब्रँने पूसँच्या चित्रांवर व्याख्याने दिली. मंत्री कोल्बेरच्या कारभारात 1666 मध्ये रोम येथे अकादमीची शाखा निघाली, आणि प्राचीन शिल्पांवरून रेखाटन करण्याची शिस्त सरकारी खर्चाने पिढ्यान् पिढ्या चालू राहिली.

मध्यंतरी रुबेन्सच्या रंगवैभवाचे चाहते वरचढ झाले हे खरे. चित्रकार वातोने आयुष्याच्या अखेरीस एका चित्रविक्रेत्याच्या दुकानासाठी रंगविलेल्या फलकात नोकर चौदाव्या लुईचे चित्र पेटीत बंद करीत आहेत. नव्या युगाची इतकी सौम्य आणि इतकी निश्चित नोंद मला अन्यत्र आढळली नाही. रोकोकोचे चित्रकार बूशे आणि फ्रागोनार यांचे कौशल्य निर्विवाद असले, तरी त्यांच्या कित्येक चित्रांपेक्षा शार्दँचे तांब्याचे एखादे भांडे मला अधिक मोलाचे वाटते.

पुढे हर्क्युलेनियम व पाँपेईच्या उत्खननांनी प्राचीनाविषयी कुतूहल जागविले आणि समीक्षक दिदरोने बूशेवर कठोर टीका केली. परंतु माझ्या मते याहून निर्णायक ठरले ते राजवास्तूंचे प्रमुख दांजिव्हिये यांचे धोरण. त्यांच्या खात्याने ऐतिहासिक विषयांवरील भव्य चित्रे राजाच्या खजिन्यातून करवून घेतली, आणि रोमची शिष्यवृत्ती मिळवून गुरू व्हियँ यांच्यासमवेत 1775 मध्ये रोमला गेलेल्या दाव्हिदची ‘होरातींची शपथ’ ही अशाच राजमंजुरीतून, पुनश्च रोममध्ये, 1784 साली साकारली. मागे तीन कमानी, मध्ये तलवारी उंचावलेला पिता, डावीकडे शपथेसाठी बाहू पसरलेले तीन पुत्र, उजवीकडे दुःखाने खचलेल्या स्त्रिया: ही रचना पूसँच्या सॉलोमनाशी रक्ताचे नाते सांगते. अकादमीच्या 1785 च्या प्रदर्शनात ती गाजली तेव्हा राज्यक्रांतीस चार वर्षांचा अवकाश होता. प्रजासत्ताकाचा अर्थ तिला मागाहून चिकटला.

8 ऑगस्ट 1793 रोजी, दाव्हिदच्याच आग्रहाने, अकादमी बरखास्त झाली आणि दोनच दिवसांनी लूव्र सार्वजनिक संग्रहालय म्हणून खुले झाले. ज्या वाचकांना पॅरिसला जाण्याचा योग येईल त्यांना माझी विनंती आहे की, तेथे पोहोचताच दाव्हिदच्या भव्य पटांपुढे धाव न घेता त्यांनी प्रथम लूव्रच्या रिशल्यू विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर चढून पूसँची दालने सावकाश पाहावीत, आणि मगच होरातींकडे यावे.