फोन बदलला आणि केस अडकली

मंडळी, कोर्टाच्या पायरीवर शिकलेलं सांगतोय. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

भागीदारीतल्या दुकानाच्या हिशेबावरून आमचा दिवाणी दावा चालू आहे, गेल्या वर्षी दाखल झालाय. "माल उचलला, पैसे पुढच्या महिन्यात" हे भागीदाराचं कबूल करणं व्हॉट्सअॅपवर होतं. मी निर्धास्त! दिवाळीत एक्स्चेंज ऑफरमध्ये जुना फोन देऊन टाकला. हातात उरले फक्त स्क्रीनशॉट.

वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "जालन्याची केस माहीत नाही का?"

2014 ची विधानसभा, जालना मतदारसंघ. अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतला, असा विरोधकांचा आक्षेप होता. पुरावा म्हणजे निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रण. सीडी मिळाली, पण तिच्यासोबत लागणारं प्रमाणपत्र अधिकारी देईनात. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. 14 जुलै 2020 ला निकाल आला: प्रत दाखवायची तर प्रमाणपत्र हवंच. मूळ फोन किंवा लॅपटॉपच मालकाने साक्षीला उभं राहून हजर केला, तर त्याची गरज नाही. त्या केसमध्ये मात्र सगळे प्रयत्न करूनही प्रमाणपत्र मिळालं नव्हतं, म्हणून सूट मिळाली. आमच्यासारख्याने फोन स्वतःच विकलाय, त्याला कोण सूट देणार?

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम आलाय. त्याच्या कलम 63 च्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाईलची हॅश व्हॅल्यूही लिहायची, म्हणजे फाईलचा अंगठाच म्हणा ना.

दुसरा घोळ तर याहून वाईट. "आपली ही बाजू लंगडी आहे, तडजोड बघा," असा वकीलसाहेबांचा व्हॉइस मेसेज आला होता. तो मी फॅमिली ग्रुपवर टाकला, सगळ्यांना कळावं म्हणून. ग्रुपमधल्या कुणीतरी तो पुढे सरकवला आणि समोरच्या पार्टीने कोर्टात हजर केला! वकील-अशील बोलणं गोपनीय असतं, हे खरं. कलम 132 ने वकिलाचं तोंड बांधलंय, कलम 134 ने साधारणपणे मलाही ते सांगायची सक्ती नाही. पण आत्याच्या जावयाचं तोंड कोणी बांधलंय? आमच्या वकिलांनी हरकत घेतलीय. निर्णय व्हायचाय. तोवर झोप नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. वादाची चाहूल लागली की फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, चॅट उडवू नका. आपल्या विरोधातलं असलं तरी नाही. दिवाणी कायद्याच्या ऑर्डर 11 खाली समोरचा कागदपत्रं मागू शकतो, आणि मुद्दाम उडवलेलं कोर्ट आपल्याच विरोधात धरू शकतं. आणि वकिलाचा सल्ला वकिलापाशीच ठेवा. ग्रुप म्हणजे चावडी, हे मी दमड्या मोजून शिकलोय.

तुमच्या घरात कुणाची केस चालू असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.