चारही चूक

गेल्या वर्षी गणपतीत सुट्टी काढून बुधवाऱ्यात घरी आलो आणि बॅग खाली ठेवायच्या आत गल्लीतल्या मंडळाची मुलं दारात हजर झाली. "दादा, तुम्ही कॉम्प्युटरवाले. यंदा एक दिवस 'करोडपती'सारखं करायचंय. प्रश्न तुम्ही काढा, बटणंही तुम्हीच बनवा."

मी लगेच हो म्हणालो. सन २००० मध्ये 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो. मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला, त्यानंतर आमच्या गल्लीतली निम्मी पोरं अंगणात खुर्च्या मांडून एकमेकांना "लॉक किया जाए?" विचारत होती. मीही त्यांच्यातलाच. आता खऱ्या अर्थाने त्या खुर्चीत बसायला मिळणार होतं, तेही अमिताभच्या बाजूने!

बटणांचं काम मला सोपं होतं. प्रत्येक जोडीच्या मोबाइलवर अ, ब, क, ड अशी चार बटणं, वीस सेकंदांचं घड्याळ, गुण आपोआप मोठ्या पडद्यावर. दोन संध्याकाळी बसून ते केलं. नियम मुलांनीच ठरवला आणि मला तो फार आवडला: जोडीतला एक अठराच्या आतला, दुसरा पन्नाशीच्या पुढचा. बारा जोड्यांची नावं आली.

प्रश्नांना मात्र मी एकच संध्याकाळ दिली. पंचवीस प्रश्न हवे होते. इंटरनेटवर तयार याद्या मिळतात, उत्तरांसकट. त्यातले पंधरा उचलले आणि दहा आपल्या गावावरचे घातले. गावाचेही प्रश्न यादीतलेच घेतले. आपलंच गाव, त्यात काय तपासायचं, असं वाटलं.

कार्यक्रम छान रंगला. मुमताज महलचं पहिलं दफन कुठे झालं, याला सगळ्यांनी एका सेकंदात 'आहूखाना' दाबलं. १६३१ साली ती आपल्या गावात गेली आणि सहा महिने तापीपलीकडे झैनाबादला तिची कबर होती, हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. बाजीरावांची समाधी रावेरखेडीला, तापीचा उगम मुलताईला, असं करत करत चोवीस प्रश्न झाले आणि दोन जोड्या सतरा-सतरा गुणांवर आल्या. एक काका-पुतण्याची, दुसरी नववीतल्या एका मुलीची आणि तिच्या आजीची.

पंचविसावा प्रश्न पडद्यावर आला. 'बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा कोणी बांधला? अ) अकबर, ब) शाहजहान, क) औरंगजेब, ड) आदिलशाह फारुकी.'

पुतण्याने 'ब' दाबलं. मुलीने काहीच दाबलं नाही. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, चारही चूक आहेत."

मांडवात हशा पिकला. मी माइकवर, अगदी अमिताभच्या थाटात म्हणालो, "चारांतलंच एक निवडायचं असतं. घड्याळ चालू आहे."

"पण रहीमने बांधलाय."

"पर्यायांत आहे का रहीम?"

"नाही. म्हणूनच तर सांगतेय."

वीस सेकंद संपली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'ब) शाहजहान' आलं. काका-पुतण्याला पहिलं बक्षीस, स्टीलच्या डब्यांचा सेट. आजीने नातीचा हात धरला आणि आरतीला न थांबता दोघी निघून गेल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "पुस्तकात वाचून येतात आणि इथे शहाणपणा करतात." मी ते ऐकलं आणि काही बोललो नाही.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "तो शेवटचा प्रश्न कुठून घेतलास?"

"नेटवरून. का?"

"पोरीचं बरोबर होतं."

माझा घास हातातच राहिला. "मग तुम्ही तिथेच का नाही बोललात?"

"चार लोकांत तुझी चूक कशी काढायची?"

आई भात वाढता वाढता म्हणाली, "याची इज्जत राखली. त्या पोरीची गेली, तिचं काय?"

त्या रात्री मी बसून शोधलं. खरं तर जे आधी करायला हवं होतं तेच केलं. कुंडी भंडारा १६१५ चा. तेव्हा दिल्लीच्या तख्तावर जहांगीर होता. शाहजहान त्या वेळी खुर्रम नावाचा राजपुत्र होता आणि तो गादीवर आला १६२८ मध्ये. बैरामखानाचा मुलगा अब्दुल रहीम खानखाना दख्खनच्या मोहिमांमुळे वर्षानुवर्षं बुऱ्हाणपुरात होता आणि हे काम त्याच्याच पुढाकाराने झालं. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखाली अडवायचं, बोगद्यांतून फक्त उताराच्या जोरावर गावाकडे आणायचं आणि वर हवा-उजेडासाठी ओळीने कुंड्या ठेवायच्या. शंभराहून जास्त कुंड्या आहेत. ही इराणी पद्धत, तिकडे तिला कनात म्हणतात. ना मोट, ना पंप. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचं नाव लागलं, तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना अभिमानाने सांगत फिरलो होतो. बांधला कोणी, हे मात्र एकदाही बघितलं नव्हतं.

आणि हा रहीम म्हणजे शाळेतल्या हिंदीच्या पुस्तकातला, दोह्यांचा रहीम. पाण्यावरचा त्याचा दोहा इथल्या प्रत्येक मुलाने पाठ केलेला असतो. ज्याने पाण्याची किंमत सांगितली त्यानेच आपल्या गावाला पाणी दिलं, हे त्या मुलीने जोडून पाहिलं होतं. मी तोच दोहा पाठ करून परीक्षेत लिहिला आणि पुढे गेलो.

मला जास्त लागलं ते वेगळंच. माझ्या प्रोग्राममध्ये चारच बटणं होती. खरं उत्तर ज्याला माहीत होतं त्याला ते सांगायला जागाच नव्हती आणि ज्याने अंदाज मारला त्याला गुण मिळाला. कामावर आम्ही यालाच दोष म्हणतो. वापरणारा चुकलेला नसतो, बनवणाऱ्याने शक्यता धरलेली नसते. इथे तर मी दोष ठेवला आणि वर माइकवरून त्याची वकिलीही केली.

चार पर्यायांची ही पद्धत शंभरेक वर्षांपूर्वीची. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास शाळांसाठी अशी परीक्षा तयार केली. एकाच उत्तराला वेगवेगळे शिक्षक वेगवेगळे गुण देत. ते थांबावं आणि तपासणी झटपट व्हावी, हा हेतू. हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे तपासणाऱ्याच्या हातातली सगळी सत्ता उत्तरपत्रिका बनवणाऱ्याच्या हातात गेली. तो चुकला की वर्गच्या वर्ग चुकतो, आणि गंमत म्हणजे ज्याला येतं तोच जास्त चुकतो.

दुसऱ्या दिवशी तसाच डब्यांचा सेट घेऊन मी त्या मुलीच्या घरी गेलो. आजीने चहा ठेवला. मी म्हणालो, "माझी चूक झाली, हे बक्षीस तुमचं." मुलीने डब्यांकडे पाहिलंही नाही. "बक्षीस नको दादा. माइकवर सांगा."

आजी म्हणाली, "भाऊ, तिला रात्रभर झोप नाही. मलाच विचारते, आजी, माझंच चुकलं का गं?"

माइकवर सांगायला मला संध्याकाळपर्यंत धीर गोळा करावा लागला. चुकीचं उत्तर मात्र मी आदल्या दिवशी किती सहज सांगितलं होतं! आरतीनंतर उभा राहिलो आणि म्हणालो, "काल शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलं. कुंडी भंडारा अब्दुल रहीम खानखानाने बांधला. ते पर्यायांत नव्हतं. एकटीने बरोबर सांगितलं आणि मी तिला गप्प केलं." मंडळाने दोन्ही जोड्यांना पहिलं बक्षीस जाहीर केलं. पुतण्या स्वतःच येऊन म्हणाला, "मी तर ठोकून दिलं होतं." मुलगी हसली नाही, पण आरतीला थांबली.

आपल्या सभासदांपैकी अनेकजण आपापल्या गावी गणपतीत, कोजागिरीला असे प्रश्नमंजूषेचे कार्यक्रम करतात. त्यांच्यासाठी माझ्या चुकीतून शिकलेलं थोडं लिहितो.

पहिलं म्हणजे, प्रश्न निवडण्याआधी उत्तर दोन ठिकाणी तपासा, आणि ती दोन ठिकाणं एकमेकांची नक्कल नसावीत. याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, त्यामुळे एक चूक पन्नास ठिकाणी दिसते. 'भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी' हे अशा कितीतरी याद्यांत सापडेल. सरकारने असा कोणताही खेळ जाहीर केलेला नाही.

दुसरं, उत्तरांना वय असतं. मध्य प्रदेशात जिल्हे किती, याला जुन्या यादीत ५२ मिळेल. २०२३ मध्ये मऊगंज, मैहर आणि आपला मराठी बोलणारा पांढुर्णा धरून ते ५५ झाले.

तिसरं, दंतकथेवर गुण देऊ नका. ताजमहाल बुऱ्हाणपुरात का झाला नाही, कुंडी भंडाऱ्याला 'खूनी' का म्हणतात, याच्या चार कथा चार घरांत वेगळ्या. त्या ऐकायला गोड, पण त्यावर कोणाला हरवू नये. 'क्विझ' या शब्दाचीही अशीच एक कथा सांगतात. १७९१ साली डब्लिनच्या एका नाटकवाल्याने पैजेखातर हा शब्द रातोरात भिंतींवर लिहवून घेतला म्हणे. प्रत्यक्षात तो शब्द १७८२ मध्येच लिहिलेला सापडतो.

चौथं, चुकीचे तीन पर्याय बरोबर पर्यायाइतकेच मन लावून निवडा. ते एकाच जातीचे असावेत आणि नक्की चूक असावेत.

यंदा पुन्हा मलाच बोलावलं. या वेळी मी पाचवं बटण केलं, 'हरकत'. ते दाबलं की घड्याळ थांबतं आणि उत्तर कशावरून घेतलं ते मी सगळ्यांसमोर सांगायचं. प्रश्न तपासायला आधी त्या मुलीला बसवलं. आता ती दहावीत आहे. तिने माझे तीन प्रश्न काढून टाकले. तरी संध्याकाळी चार हरकती आल्या आणि त्यातली एक खरी निघाली. 'यांपैकी पश्चिमेकडे वाहणारी नदी कोणती? गोदावरी, नर्मदा, मही, कृष्णा.' केळीची बाग असलेले एक आजोबा उठले, "भाऊ, मही काय पूर्वेला जाते?" नर्मदाही बरोबर, महीही बरोबर. आम्ही दोघांनीही ते पाहिलं नव्हतं. दोन्ही उत्तरांना गुण दिले, टाळ्या आजोबांना मिळाल्या, आणि मला वाईट वाटलं नाही.

बाबा पहिल्या रांगेत होते. त्यांनीही एकदा हरकत घ्यायला लावली. त्यांची चुकली. पण सगळ्यांसमोर माझी चूक काढायला हात वर केला, हे मला फार आवडलं.

जाता जाता, यंदाचे तीन प्रश्न तुमच्यासाठी.

१. पुरंदरच्या तहातले मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये कुठे वारले? अ) आग्रा, ब) औरंगाबाद, क) अंबर, ड) बुऱ्हाणपूर.

२. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर कोणत्या भाषेतला शिलालेख आहे? अ) संस्कृत, ब) मराठी, क) गुजराती, ड) तुर्की.

३. १८०३ मध्ये एका गावी झालेल्या तहाने बुऱ्हाणपूर इंग्रजांकडून शिंद्यांना परत मिळालं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे याच गावच्या, त्यांनी २०१९ मध्ये 'करोडपती'त एक कोटी जिंकले. गाव कोणतं? अ) देवगाव, ब) सालबाई, क) अंजनगाव सुर्जी, ड) वसई.

उत्तरं: ड, अ, क. तपासून पाहा. हरकत असेल तर जरूर कळवा.