कमठाण्याच्या बांधावर

बिदरची तटबंदी मागे टाकून कमठाण्याच्या वाटेला लागले म्हणजे प्रथम डोळ्यांत भरते ती माती. तांबडीलाल, उन्हाळ्यात नाकातोंडात जाणारी आणि पावसाळ्यात पायतणांस चिकटून घरापर्यंत सोबत करणारी. हा सारा जांभ्या दगडाचा पठारी मुलूख. बहमनी सुलतानांनी बिदर किल्ल्याभोवतीचा तिहेरी खंदक खोदला तो याच जांभ्यात, आणि झरणी नरसिंहाच्या गुहेत भाविक जन छातीइतक्या पाण्यातून चालत देवापर्यंत जातात ती गुहाही याच दगडातली. कमठाणा गाव जैन बांधवांना पार्श्वनाथाच्या प्राचीन मंदिरामुळे ठाऊक आहे. आम्हांस मात्र ते तेथील तलावाच्या बांधामुळे ठाऊक झाले. ते कसे, तेच आज वाचकांस सांगावयाचे आहे.

या जिल्ह्यात मेथडिस्ट बंधूंचे कार्य जुने. आपली कॅथलिक घरे त्या मानाने थोडी. २००५ साली गुलबर्गा धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हापासून बिदर त्यात मोडते. घराघरांतून जाऊन मिस्सा अर्पावयाची, आजाऱ्यांस कम्युनियन द्यावयाचे आणि रात्री जपमाळेनंतर जी भाकरी पुढे येईल ती खावयाची, असा आमचा येथील क्रम. भाषेचे म्हणाल तर एकाच ओसरीवर मराठी, कन्नड आणि दख्खनी उर्दू अशा तिन्ही नांदतात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या निजामी मुलखाचे तुकडे झाले. बिदर म्हैसूर राज्यात गेले, बीड मुंबई राज्यात. त्याच बिदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुकेही पलीकडे गेले. नकाशावर रेघ पडली, पण सोयरिकी काही तुटल्या नाहीत, आणि ऊसतोडीच्या टोळ्यांनी तर ती रेघ कधी पाहिलीच नाही.

२०२२ सालची ६ ऑगस्ट ही तारीख. प्रभूच्या रूपांतराचा सण, वार शनिवार. सायंकाळची मिस्सा त्या घरी व्हावयाची होती म्हणून आम्ही लवकरच पोहोचलो होतो. बाहेर पावसाची झड लागलेली. घरचा थोरला मुलगा, बारावीत शिकणारा, दूरदर्शन संचासमोर असा बसला होता की आमच्या पायांवर पाणी घालावयासही तो उठला नाही. आईने दटावले तेव्हा म्हणाला, "फादर, जरा थांबा. बीडचा माणूस पळायलाय."

इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा चालू होत्या आणि ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत लागली होती. बीडचा माणूस म्हणजे अविनाश साबळे. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा, १९९४ साली जन्मलेला. आई-बाप वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटरांवर. जावयाचे ते पायी, नाहीतर धावत. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला, पाचव्या महार बटालियनमध्ये. (महार रेजिमेंटची पहिली पलटण १९४१ साली बेळगावात उभी राहिली, हे आपल्या सीमाभागातील वाचकांस आवडेल.) सियाचीनचे बर्फ आणि राजस्थानचे वाळवंट अशा दोन्ही ठिकाणी नोकरी करून मग हा गडी धावपटू झाला. २०१८ साली भुवनेश्वर येथे त्याने गोपाल सैनी यांचा ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०१९ साली दोहा येथील जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्यांच्या पडापडीत त्याची वाट अडली. भारतीय संघाने तक्रार केली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम शर्यतीत घेण्यात आले. तेथे तेरावा आला, पण ८ मिनिटे २१.३७ सेकंद ही वेळ नोंदवून ऑलिंपिकची पात्रता घेऊनच परतला. ही सारी माहिती त्या मुलाला तोंडपाठ होती. आमच्या प्रश्नोत्तरांत मात्र हाच मुलगा सात संस्कारांपैकी पाचांवर अडत असे.

स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांची शर्यत. साडेसात फेऱ्यांच्या या धावेत अठ्ठावीस वेळा तीन फूट उंचीचे लाकडी अडसर ओलांडावयाचे आणि सात वेळा अडसरावरून पाण्याच्या खड्ड्यापलीकडे झेपावयाचे. साध्या हर्डल शर्यतीतला अडथळा पाय लागला तर पडतो. हा पडत नाही, माणूस पडतो. पाण्याचा खड्डा सुमारे बारा फूट लांब, अडसराशी खोल आणि पुढे उथळ होत गेलेला. जो चांगली झेप घेतो त्याचा एकच पाय भिजतो. थकलेला माणूस खोल पाण्यात उतरतो.

शर्यतीत पुढे तिघे केनियन. या शर्यतीवर केनियाचे राज्य किती, तर १९९८ ते २०१८ पर्यंतच्या राष्ट्रकुल स्पर्धांत सोने, चांदी, कांसे ही तिन्ही पदके दर वेळी त्यांनीच नेलेली. त्या तिघांत कॉन्सेस्लस किप्रुतो हा २०१६ चा ऑलिंपिक विजेता. त्यांच्या मागे आपला साबळे चौथा, आणि फेरीमागून फेरी चौथाच. आम्हांस वाटले, बरे आहे, चौथा तर चौथा. मुलगा मात्र म्हणाला, "थांबा की फादर, आता बघा." अखेरच्या फेऱ्यांत किप्रुतो मागे पडला, मग दुसरा, आणि शेवटच्या सरळ वाटेवर साबळे व अब्राहम किबिवोत हे दोघेच उरले. दोघे रेषेवर जवळजवळ एकदमच गेले. किबिवोत ८ मिनिटे ११.१५ सेकंद, साबळे ८ मिनिटे ११.२०. पुढे आम्ही कागदावर हिशेब मांडून पाहिला: त्या वेगाला पाच शतांश सेकंद म्हणजे जेमतेम एक फुटाचे अंतर.

मुलगा रडला. रौप्य मिळाले म्हणून की सुवर्ण हुकले म्हणून, ते आम्ही विचारले नाही. आई चुलीपुढून पीठ माखल्या हातांनी तशीच येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "याच्या आईनं बघितलं असंल का हो?" 

त्या संध्याकाळी मिस्सेनंतर आम्ही त्यांस सांगितले की या शर्यतीचे नावच मुळी देवळावरून पडले आहे. चर्चच्या निमुळत्या मनोऱ्याला इंग्रजीत स्टीपल म्हणतात. १७५२ साली आयर्लंडमध्ये कॉर्क परगण्यात बटेव्हंट गावच्या चर्चपासून डोनेरेलच्या चर्चपर्यंत दोघांनी घोडे पिटाळले, अशी कथा सांगतात. दूरवरून दिसतो तो मनोराच, तेव्हा त्याकडे नजर ठेवावयाची आणि मध्ये कुंपण येवो की ओढा, ओलांडून जावयाचे. पुढे ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी घोड्यांवाचून तीच शर्यत स्वतःच्या पायांनी धावावयास सुरुवात केली. मुलास हे फार आवडले. "म्हणजे ही आपलीच शर्यत," तो म्हणाला. आम्ही हसलो. हसावयास नको होते, कारण तेथून पुढची गोष्ट आमच्या अंगावर येणार होती.

त्याला सैन्यात जावयाचे होते. त्याच वर्षी जूनमध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली होती. भरतीत धाव असते ती १६०० मीटरची, म्हणजे चार फेऱ्या. साडेपाच मिनिटांच्या आत आला तो पहिल्या गटात. दर फेरी सुमारे ८२ सेकंद. साबळेने पस्तीस अडथळे ओलांडीत दर फेरी सुमारे ६५ सेकंदांनी नेली, हे लक्षात घेतले म्हणजे अंतर किती ते कळते. पण गावच्या पोराला साडेपाच मिनिटेही सोपी नाहीत.

सराव करावयाचा तर वेळ हवा, आणि त्याच्या बापाने त्या हंगामाची उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली होती. वाचकांपैकी बहुतेकांस हे ठाऊक असेल: ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता. मुलाला अर्ध्या कोयत्यावर धरूनच उचल घेतलेली. बाप म्हणाला, "फादर, पोरगं नाही आलं तर तेवढे पैसे फेडायचे कुठून?" आम्ही ओसरीवर बसून त्याची समजूत घातली. एकच हंगाम जाऊ द्या, म्हटले. पोराच्या पायात गुण आहे. बीडचेच उदाहरण दिले. बापाने मान हलविली, ती पटून नव्हे. धर्मगुरूला नाही कसे म्हणावे म्हणून. सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान, ईशज्ञान सारे काही शिकविले. आपल्या झग्याच्या भिडेपोटी मिळालेला होकार ओळखावा कसा, ते कोणी शिकविले नाही.

तलावाच्या बांधावर आम्ही चारशे मीटर मोजून दोन दगड ठेवले. पहाटे पाच वाजता तो धावे. आम्ही मुक्कामास असलो की हातात घड्याळ घेऊन उभे राहत असू. पाण्यावर धुके, पलीकडे तुरीची शेते, आणि अधूनमधून डोक्यावरून बिदरच्या हवाई तळावरची विमाने गर्जत जात. पहिल्या दिवशी ६ मिनिटे २० सेकंद लागले. नाताळपर्यंत ५ मिनिटे ४०. त्यात एक खोट होती, ती आमच्या ध्यानात उशिरा आली: दगडाशी थांबून वळावे लागे, त्यात दर खेपेस एकदोन सेकंद जात, आणि पुन्हा वेग धरावयास दम खर्ची पडे.

पहिल्या भरतीत तो चौथ्या फेरीत थांबला. एका वेळी शेकडो मुले सोडतात, कोपर लागते, पाय अडकतो. त्या भीतीने तो सुटला तोच सर्वांच्या पुढे, आणि तिसऱ्या फेरीअखेर छाती फुटावयास आली. बर्मिंगहॅमला चौथ्या जागेवर चिकटून राहिलेला साबळे आम्ही दोघांनीही पाहिला होता, पण पाहिलेले पायांत उतरावयास काळ लागतो. २०२३ पासून लेखी परीक्षा आधी आणि धाव नंतर असा क्रम झाला. त्या वर्षी तो धावण्यापर्यंत पोहोचलाच नाही. तिसऱ्या खेपेस लेखी उत्तीर्ण झाला, धावही पहिल्या गटात आली. यादी लागली तेव्हा तीत त्याचे नाव नव्हते.

एका हंगामाचे तीन हंगाम झाले होते. उचल फिटली ती आईच्या कानांतल्या फुलांनी. बापाने आम्हांस एक शब्द कधी बोलून दाखविला नाही. फक्त पूर्वी आम्ही निघालो की रस्त्यापर्यंत पोहोचवावयास येई, तो दारातूनच "या फादर" म्हणू लागला.

या काळात साबळे पुढेच जात होता. २०२३ च्या ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले. या शर्यतीत असे करणारा तो पहिला भारतीय पुरुष. २०२४ च्या जुलैत पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम, आणि पुढच्याच महिन्यात त्याच शहरात ऑलिंपिकची अंतिम शर्यत, तीत अकरावा. (ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम शर्यत आपल्या सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ सालीच रिओला गाठली होती, त्या दहाव्या आल्या. हे आमच्या मुलींनी विसरू नये.) २०२५ च्या मेअखेर कोरियातील गुमी येथे आशियाई सुवर्ण. आणि त्याच जुलैत मोनॅको येथे पाण्याच्या खड्ड्यापाशी तो पडला. गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

ती बातमी आम्हांस त्या मुलानेच दाखविली. आम्ही संध्याकाळचे बांधावर गेलो होतो. तो शेतातून येत होता, खांद्यावर फवारणीचा पंप. पंप खाली ठेवून त्याने मोबाईलवरचे चित्र पुढे धरले. बराच वेळ दोघेही काही बोललो नाही. मग आमच्या मनात तीन वर्षे जे साचले होते ते बाहेर आले. आम्ही म्हटले, "तुझ्या बाबांना आम्ही भरीस घातले नसते तर बरे झाले असते."

तो म्हणाला, "बाबा तसं म्हणतेत खरं." त्याने आमचे मन राखले नाही, आणि आम्हांस तेच बरे वाटले. मग म्हणाला, "पोलीस भरतीत पण सोळाशेच मीटर असते, फादर. त्यात वय अजून आहे. पण या खेपेला उचल घेऊन कोयत्यावर जाणार. पळणं पहाटेचं. तुम्ही बाबांना काही सांगू नका. मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही बांधावर गेलो तेव्हा दोन दगडांपैकी एक जागेवर नव्हता. त्याने तो उचलून बांधाच्या टोकापलीकडे, गाडीवाटेवर नेऊन ठेवला होता. दुसऱ्या टोकालाही तीच वाट मिळत होती. आता थांबून वळावयाचे कारण नव्हते. त्या मोठ्या वळशाचे अंतर आम्ही दोघांनी दोरीने मोजले. मोजता मोजता उजाडले, आणि गावाकडून त्याचा बाप चालत येताना दिसला. चहाची किटली हातात, पेले तीन.